चंद्रपूरचा ताप आणि गोमाशीचं अर्धवट राहिलेलं जेवण

२००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला ताप येऊ लागला. ताप चढायचा, उतरायचा, माणूस जरा सावरायचा, की पुन्हा चढायचा. पाच महिने हे असंच चाललं. या जिल्ह्यात चढउताराचा ताप म्हटला की पहिला संशय हिवतापाचा, आणि तो रास्तच असतो. पण या माणसाच्या रक्तात जे दिसलं ते हिवतापाचं नव्हतं. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशींच्या आत राहतो. इथे पेशींच्या बाहेर, मोकळ्या रक्तद्रवात, लांबट अंगाचे, कडेला पातळ पडदा आणि टोकाला बारीक कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठीचा शेपटीसारखा धागा, असलेले जीव पोहत होते. हे ट्रिपॅनोसोमा.

आफ्रिकेत ट्रिपॅनोसोमामुळे माणसाला निद्रारोग होतो आणि तो त्से-त्से माशी पसरवते. ती माशी भारतात नाही. मग हा जीव आला कुठून? परजीवीची ठेवण, रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आणि जनुकीय चाचण्या अशा तिन्ही वाटांनी तपास झाला आणि तिन्हींचं उत्तर एकच निघालं: ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय. गुरांच्या डॉक्टरांना हे नाव पाठ असतं. सर्रा नावाच्या रोगाचा हा परजीवी. घोडा, उंट आणि कुत्रा यांच्या जिवावर बेततो. गाय, बैल, म्हैस बहुतेक वेळा तो अंगावर काढतात. थोडा ताप, थोडा अशक्तपणा, दूध कमी, आणि वरून जनावर धडधाकट. क्वचित एखादी म्हैस गोल गोल फिरू लागते आणि कोसळते.

माणसात मात्र हा परजीवी टिकत नाही, असंच तोवर मानलं जात होतं. त्यामुळे २००५ साली हे प्रकरण प्रसिद्ध झालं ते जगातलं पहिलं सिद्ध झालेलं मानवी प्रकरण म्हणून. पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं, परजीवी तिथपर्यंत पोचलेला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं सुरामिन दिलं गेलं. निद्रारोगाच्या पहिल्या टप्प्यावर वापरलं जाणारं हे औषध शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत तयार झालेलं. रुग्ण बरा झाला.

या प्रकरणावर नंतर जे लिहिलं गेलं त्यात परजीवी आणि रुग्णाची जनुकं यांना मोठी जागा मिळाली. माशीच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येतं: चावऱ्या माश्यांमार्फत प्रसार होतो. मला हे फार अपुरं वाटतं. गुराच्या रक्तातला जीव माणसापर्यंत कसा येऊ शकतो हे समजायचं असेल तर या चावऱ्या माश्यांतली मुख्य, म्हणजे गोमाशी, जेवते कशी, आणि तिचं जेवण मध्येच तुटतं कसं, इथून सुरुवात करायला हवी. म्हणून हे प्रकरण मी माशीच्या बाजूनं मांडतो आहे.

माशीच्या पोटात न वाढणारा परजीवी

१८८० साली ग्रिफिथ इव्हान्स हा लष्करी पशुवैद्य आजच्या पाकिस्तानातल्या डेरा इस्माइल खान इथे सर्ऱ्यानं मरणारे घोडे आणि उंट तपासत होता. त्यांच्या रक्तात त्याला हे जीव सापडले. सस्तन प्राण्यात रोग घडवणारा ट्रिपॅनोसोमा पहिल्यांदा दिसला तो तिथे. आजारी जनावराचं रक्त निरोगी जनावरात घालून त्यानं रोग पसरतो हेही दाखवलं, तरी वरिष्ठांना ते लगेच पटलं नाही. पुढे १८८५ साली जे. एच. स्टील यांनी ब्रह्मदेशातल्या लष्करी खेचरांमध्ये हाच जीव पाहिला आणि त्याला इव्हान्सचं नाव दिलं. हेच स्टील १८८६ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य.

माशीचा सहभाग प्रयोगानं दाखवला तो लिओनार्ड रॉजर्स या भारतात काम करणाऱ्या ब्रिटिश डॉक्टरांनी. त्यांचा निबंध १९०१ सालचा. आजारी जनावराला चावलेल्या गोमाश्या लगेच निरोगी जनावरावर सोडल्या तर रोग जातो. त्याच माश्या मध्ये दिवस घालवून सोडल्या तर जात नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा निष्कर्ष चंद्रपूरच्या प्रकरणाची किल्ली आहे असं मी मानतो.

त्याचं कारण परजीवीच्या इतिहासात आहे. ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हा आफ्रिकेतल्या ट्रिपॅनोसोमा ब्रुसायपासून निघालेला. ब्रुसाय त्से-त्से माशीच्या पोटात जातो, तिथे रूप बदलतो, वाढतो, लाळग्रंथीत पोचतो आणि मग पुढच्या प्राण्यात उतरतो. त्या रूपांतरासाठी त्याच्या पेशीतल्या ऊर्जाकेंद्रात एक खास डीएनए लागतो. इव्हान्सायनं त्यातला मोठा, कामाचा भाग गमावलेला आहे. त्से-त्सेच्या पोटात आता त्याला वाढता येत नाही. पण त्यामुळे त्से-त्से माशीचं बंधनही सुटलं. ताजं रक्त एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे नेणारं कोणीही त्याला पुरतं. उंटांच्या तांड्यांबरोबर तो आफ्रिकेबाहेर पडला आणि आशियाभर पसरला, कारण रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्या सगळीकडेच आहेत.

माशीच्या पोटात गेलेला परजीवी पचून जातो. जो उरतो तो फक्त तिच्या तोंडावर, आणि तोही थोडाच वेळ. काही मिनिटं, फार तर अर्धा तास हा त्याचा जोमाचा काळ. त्यानंतर तो झपाट्यानं निकामी होतो. पोट भरलेली गोमाशी तीन-चार दिवस अंडी पिकवत बसते आणि मगच पुन्हा रक्तासाठी निघते. म्हणजे पोटभर जेवलेली माशी या रोगाच्या दृष्टीनं जवळजवळ निरुपद्रवी. धोका आहे तो उपाशीपोटी उठवलेल्या माशीचा.

तोंड

गोमाश्यांच्या कुळात जगभर चार हजारांहून अधिक जाती आहेत. आपल्याकडच्या गुरांभोवती दिसतात त्यांत टॅबॅनस या वंशातल्या मोठ्या, भुऱ्या-तपकिरी माश्या मुख्य. दक्षिण आणि आग्नेय आशियात सर्ऱ्याच्या संदर्भात टॅबॅनस रुबिडस आणि टॅबॅनस स्ट्रायटस ही नावं वारंवार येतात. हिमॅटोपोटा वंशातल्या माश्या लहान, राखाडी, पंखांवर ठिपक्यांची नक्षी असलेल्या; आवाज न करता येऊन बसतात. क्रायसॉप्सच्या पंखांवर गडद पट्टा असतो.

चावते ती फक्त मादी. नर फुलांतला मधुरस आणि झाडांचे गोड पाझर यांवर जगतो, त्याच्या तोंडात कापणारी पाती नसतात. मादीसुद्धा उडण्यासाठी लागणारी ताकद साखरेतूनच घेते. रक्त लागतं ते अंड्यांसाठी. काही जातींच्या माद्या अंड्यांची पहिली खेप रक्ताशिवायही घालतात, अळीच्या वयात साठवलेल्या प्रथिनांवर. नर-मादी ओळखायची सोपी खूण डोळ्यांत आहे. नराचे दोन्ही डोळे कपाळावर एकमेकांना भिडतात, मादीच्या डोळ्यांमध्ये फट असते.

डास आणि गोमाशी यांची तुलना इथे फार उपयोगी आहे. डासाची सोंड बारीक असते, ती कातडीखाली केशवाहिनी शोधते आणि थेट तिच्यातून रक्त ओढते. बाहेर थेंबही सांडत नाही. गोमाशीची पद्धत वेगळी. तिच्या तोंडात सहा भाग असतात: वरचा ओठ, दोन जबडे, दोन दातेरी पट्ट्या आणि लाळ सोडणारी नळी. दोन जबडे सपाट पात्यांचे असतात आणि कातरीसारखे एकमेकांवर आडवे चालतात. दातेरी पट्ट्या आत-बाहेर होत जखम खोल करतात. लहान रक्तवाहिन्या तुटतात, कातडीच्या जखमेत रक्ताचं डबकं साचतं, आणि माशी ते डबकं पिते. लाळेतली द्रव्यं रक्त गोठू देत नाहीत, रक्तबिंबिकांना चिकटू देत नाहीत आणि वाहिन्या रुंदावतात. माशी उठून गेल्यावरही तिथून रक्त ओघळत राहतं ते याचमुळे, आणि त्या ओघळावर मग घरमाशीसारख्या दुसऱ्या माश्या येऊन बसतात.

या पात्यांभोवती खालच्या ओठाच्या टोकाला दोन मऊ, स्पंजासारख्या पाकळ्या असतात. रक्त टिपून घ्यायला त्यांच्यावर बारीक खाचा असतात. माशी उडाली की या पाकळ्या मिटतात आणि त्यांच्यामध्ये रक्ताचा पातळ थर अडकून राहतो. मिटलेल्या पाकळ्यांत तो लगेच वाळत नाही. अमेरिकेतल्या टॅबॅनस फस्किकोस्टॅटस या जातीवर कीटकशास्त्रज्ञ लेन फॉइल यांनी मोजलं तेव्हा तोंडावर राहिलेलं रक्त सुमारे १० नॅनोलीटर भरलं. एका मिलीलीटरचा एक लाखावा भाग.

एवढ्याशा रक्तात काय मावतं? हिशेब साधा आहे. जनावराच्या एक मिलीलीटर रक्तात दहा लाख परजीवी असतील तर माशीच्या तोंडावर सरासरी दहा येतील. दहा हजार असतील तर दहा माश्यांपैकी एकीच्या तोंडावर एक. शंभरच असतील तर हजारात एकीच्या. म्हणून आजारी घोडा किंवा उंट, ज्यांच्या रक्तात परजीवी दाट असतो, ते माश्यांसाठी मोठं उगमस्थान ठरतात, आणि वरून निरोगी दिसणारा बैल बराच कमी.

पण यात एक खोच आहे. ट्रिपॅनोसोमा आपल्या अंगावरचं प्रथिनांचं आवरण सारखं बदलतो. शरीर एका आवरणाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, परजीवी मरू लागतात, तेवढ्यात वेगळं आवरण घेतलेले मूठभर जीव वाचतात आणि पुन्हा वाढतात. त्या शेतकऱ्याचा पाच महिन्यांचा चढता-उतरता ताप हीच गोष्ट सांगत होता. त्याच्या रक्तातल्या परजीवींची संख्याही तशीच कमीजास्त होत होती. जनावरातही हेच घडतं. एरवी माश्यांना काहीच न देणारा बैल एखाद्या आठवड्यात त्यांना भरपूर देऊ शकतो.

जेवण का तुटतं

गोमाशीचा चावा दुखतो. पाती कातडी फाडतात, मग दुखणारच. गुराची शेपूट फिरते, पाय आपटला जातो, मान मागे वळते, कातडी जागच्या जागी थरारते. माशीला पोट भरायला काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ तिला सहसा मिळत नाही. ती उठते, पुन्हा बसते, पुन्हा उठते. बैलाचा तो झटका त्याच्या स्वतःच्या रक्षणासाठी आहे, पण त्याच झटक्यानं तोंडाला ताजं रक्त लागलेली भुकेली माशी हवेत येते. सर्ऱ्याचा प्रसार या एका क्षणावर उभा आहे.

उठलेली माशी बहुतेक वेळा त्याच जनावरावर परत बसते, हेही निरीक्षणांतून दिसलं आहे. दुसऱ्यावर ती जाते ती दुसरं अगदी जवळ असेल तर. घोड्यांवर केलेल्या अभ्यासांत अंतर वाढवत नेलं तसं माश्यांचं इकडून तिकडे जाणं घटत गेलं, आणि सुमारे ५० मीटरला ते फारच कमी झालं. पशुवैद्यकात आजारी जनावर ५० मीटर लांब बांधायचा सल्ला दिला जातो तो यावरूनच.

आता हेच मोजमाप पूर्व विदर्भातल्या गावावर ठेवून पाहू. सकाळी गावाची ढोरं आखरावर जमतात, अंगाला अंग लावून उभी राहतात. मग गायकी त्यांना घेऊन निघतो. दुपारी, ऐन उन्हाच्या वेळी, कळप पाण्याजवळच्या झाडाखाली गोळा होऊन बसतो. गोमाशी ही दिवसा, ऊन तापल्यावर चावणारी माशी. पाणथळ जागा, दाटीनं बसलेली गुरं आणि दुपार या तिन्ही गोष्टी एकत्र येतात तिथे ५० मीटर सोडा, दोन जनावरांत हातभर अंतर राहत नाही. रोवणीच्या दिवसांत बांधीत चिखलणी चालते तेव्हा तर बैल किंवा हल्या आणि त्याच्यामागे चालणारा माणूस यांच्यात काठीभर अंतर असतं. बैलानं शेपटीनं उडवलेल्या माशीला सर्वांत जवळचं दुसरं रक्त त्या माणसाचं. त्याचे पाय उघडे, पाठ उघडी. नव्या जखमेत तोंडावरचं जुनं रक्त पहिल्या काही क्षणांतच उतरतं. माशीला हाकलेपर्यंत ते काम झालेलं असतं.

चंद्रपूरच्या रुग्णात परजीवी माशीच्या तोंडातून आला की आजारी जनावराचं रक्त हातापायावरच्या जखमेला लागून आला, याचा निर्णायक पुरावा नाही. दोन्ही वाटा शक्य आहेत, आणि शेतकऱ्याच्या आयुष्यात दोन्ही रोजच्या आहेत. जनावरांत तर आणखी एक तिसरी वाट आहे. मांसाहारी प्राण्याला सर्रा झालेल्या जनावराचं ताजं मांस खाऊनही लागण होऊ शकते. ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात जुलै २००० मध्ये डझनभर वाघ याच परजीवीनं मेले. ताडोब्याच्या जिल्ह्यात बसून हे वाचताना जंगलाच्या कडेला चरणाऱ्या गुरांचा सर्रा हा फक्त गोठ्यापुरता प्रश्न वाटत नाही.

चिखल

माशी येते कुठून, हेही या भूगोलाशी बांधलेलं आहे. मादी शंभरापासून हजारापर्यंत अंडी एकाच गठ्ठ्यात घालते, तेही पाण्यावर किंवा चिखलावर झुकलेल्या पानाच्या, गवताच्या काडीच्या अंगावर. गठ्ठा घातल्यावर पांढरट असतो, काही तासांत काळपट होतो. अळ्या बाहेर पडताच खाली ओल्या मातीत जातात. गोमाशीची अळी स्वभावानं शिकारी आहे. गांडुळं, इतर कीटकांच्या अळ्या, प्रसंगी स्वतःचीच भावंडं खाते. जपानमध्ये भाताच्या खाचरात काम करणाऱ्यांच्या उघड्या पायांना या अळ्या चावल्याच्या नोंदी आहेत. वाढ पूर्ण झाली की ती जरा कोरड्या मातीत सरकते, कोशात जाते आणि एक ते तीन आठवड्यांत माशी बाहेर येते. थंड देशांत वर्षाला बहुधा एकच पिढी होते, उष्ण प्रदेशात काही जातींच्या अनेक.

चंद्रपूरचा पूर्व भाग धानाचा. बांध्या, बोड्या, जुने मालगुजारी तलाव, त्यांच्या कडेचा गाळ आणि गवत. अळ्यांना याहून चांगली जमीन मिळणार नाही. इतक्या पसरलेल्या चिखलात औषध टाकून अळ्या मारणं शक्य नाही, आणि ते करूही नये. त्या चिखलातच धान उगवतं, मासोळी वाढते. निसर्गात गोमाशीच्या अंड्यांना पोखरणाऱ्या टेलेनोमस वंशातल्या सूक्ष्म गांधीलमाश्या आहेत, त्या फवाऱ्यानं आधी मरतील.

माशी जनावर शोधते ते आधी डोळ्यांनी. गडद, मोठी, हलणारी आकृती तिला ओढते. श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि शिळ्या मुताचा वास त्यात भर घालतात. हंगेरीतल्या गाबोर होर्वाथ यांच्या गटानं दाखवलं की गडद, चकचकीत अंगावरून परावर्तित होणारा ध्रुवित प्रकाश गोमाश्यांना खुणावतो. म्हणून काळ्या घोड्यावर त्या जास्त येतात, पांढऱ्यावर कमी. २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी काळ्या गाईंवर पांढरे पट्टे रंगवले तर चावऱ्या माश्यांचं बसणं निम्म्यानं घटलं. ओल्या, काळ्या म्हशीचं अंग या माश्यांना किती दिसत असेल याची यावरून कल्पना येते. चिखलात लोळल्यावर वाळलेला थर तिचं अंग फिकंही करतो आणि कातडीही झाकतो. लोळणाऱ्या म्हशीला हाकलून लगेच धुवून काढायची घाई पावसाळ्यात तरी करू नये, असं माझं मत आहे.

एकच माणूस का

एवढ्या माश्या, एवढी जवळीक, आणि तरी रुग्ण एकच. हा प्रश्न तपास करणाऱ्यांनाही पडला. त्या शेतकऱ्याच्या गावात १,८०६ जणांची तपासणी झाली. कार्डावर रक्ताचा थेंब टाकून परजीवीविरुद्धची प्रतिपिंडं पाहायची ही चाचणी. पूर्ण रक्तावर ४१० जण, म्हणजे २२.७ टक्के, होकारार्थी आले. रक्तद्रव वेगळा काढून पुन्हा पाहिलं तेव्हा ८१ उरले. त्यांतल्या ठळक होकारार्थी ६० जणांच्या रक्तात परजीवी शोधला, एकाच्याही रक्तात सापडला नाही.

बातम्यांसाठी ४१० हा आकडा आकर्षक आहे, पण मी ८१ धरतो, कारण पूर्ण रक्तावरची चाचणी भलत्याच कारणानंही होकार देऊ शकते. ८१ सुद्धा थोडे नाहीत. दर शंभरात चार-पाच माणसांच्या शरीरानं या परजीवीची ओळख ठेवली होती आणि कोणीही आजारी नव्हतं. अभ्यासकांनी याचा अर्थ असा लावला की गावातल्या माणसांचा या परजीवीशी वारंवार संबंध येतो, आणि तो माश्यांमार्फत येत असावा. मला हे पटतं. जखमेला जनावराचं रक्त लागणं ही अधूनमधूनची गोष्ट आहे. इतक्या लोकांपर्यंत पोचणारं काहीतरी रोजचं, उडणारं असणार.

मग ते आजारी का पडले नाहीत? माणसाच्या रक्तात अपोलिपोप्रोटीन एल-१ नावाचं प्रथिन असतं. चांगलं कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांवर बसून ते फिरतं. ट्रिपॅनोसोमा ते गिळतो, आणि आत गेल्यावर ते परजीवीच्या पाचक पिशवीच्या पडद्याला छिद्रं पाडतं. पिशवी फुगते आणि परजीवी फुटतो. ब्रुसेल्समधल्या एटिएन पेज यांच्या गटानं चंद्रपूरच्या रुग्णाचं रक्त तपासलं, तर त्यात हे प्रथिनच नव्हतं. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही जनुकप्रतींत बिघाड होता, त्यामुळे प्रथिन तयारच होत नव्हतं. प्रयोगशाळेत त्याच्या रक्तद्रवात हे प्रथिन बाहेरून मिसळलं, तर परजीवी मरू लागले. २००६ साली हे प्रसिद्ध झालं आणि कोडं सुटल्यासारखं वाटलं: माश्या सगळ्यांनाच चावत होत्या, फक्त एकाच्या रक्ताला कवच नव्हतं.

ते पुरतं सुटलेलं नाही. पुढे दक्षिण व्हिएतनाममध्ये एका स्त्रीच्या रक्तात हाच परजीवी सापडला, आणि तिच्या दोन्ही जनुकप्रती शाबूत होत्या, प्रथिनही रक्तात होतं. तिलाही शेवटी सुरामिनच लागलं. म्हणजे कवच असलेलं रक्तही हा परजीवी क्वचित ओलांडतो. गावागावांत घबराट पसरावी असा हा पुरावा नाही. पण माणसाला हे होतच नाही असं म्हणत गुरांच्या सर्ऱ्याकडे दुर्लक्ष करणं आता चालणार नाही.

कळपात काय करता येतं

माश्या मारण्यावर सगळी भिस्त ठेवली तर निराशा पदरी येते. माशी जनावरावर असते काही मिनिटं, बाकीचे दिवस झाडाझुडपांत. अंगावर मारलेल्या औषधाशी तिचा संबंध फार थोडा येतो. निळ्या-काळ्या कापडाचे सापळे काही माश्या पकडतात, छोट्या गोठ्यांना त्यांचा उपयोग आहे. पण माशीचं जेवण तुटल्यावर तिला दुसरं ताट जवळ मिळू न देणं हे अधिक हाती असलेलं काम आहे. तापलेलं, खंगत चाललेलं जनावर आखरावर नेऊ नये. कळपापासून पन्नास-साठ पावलं नव्हे, चांगलं ५० मीटर लांब बांधावं. गोमाशी बंदिस्त, अंधाऱ्या जागेत शिरायला नाखूश असते, त्यामुळे पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर ऐन दुपारी गुरं कोठ्यात ठेवून सकाळ-संध्याकाळ चारणं खरोखर फायद्याचं ठरतं. दाराशी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करायची जुनी पद्धतही इथे कामाची आहे, जनावर गुदमरणार नाही एवढा. तबेल्यातली चावरी माशी वेगळी. ती लहान असते, कोठ्याजवळ सडलेल्या शेणात-कडब्यात वाढते आणि तीही सर्रा नेऊ शकते. तिच्यासाठी उकिरडा लांब हवा.

आणि सुई. एकाच सुईनं ओळीनं दहा जनावरांना टोचलं तर त्या सुईत माशीच्या तोंडापेक्षा कितीतरी पट जास्त रक्त एकाकडून दुसऱ्याकडे जातं. लसीकरणाच्या दिवशी प्रत्येक जनावराला वेगळी सुई मागणं हा मालकाचा हक्क आहे, आणि त्यानं तो मागावा.

औषधं आहेत. क्विनापायरामिन, डायमिनाझीन यांसारखी इंजेक्शनं पशुवैद्य वजन पाहून देतात. अंदाजानं दिलेला कमी डोस परजीवीला औषधाची सवय लावतो. निदानाची पहिली पायरी कोणत्याही तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात होऊ शकते: कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त, काचेवर ओलं असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली. परजीवी जिवंत असतील तर तांबड्या पेशी धक्के बसल्यासारख्या हलताना दिसतात. हे रक्त जनावराला ताप चढलेला असताना घ्यावं, कारण उतारावर रक्तात परजीवी इतके विरळ होतात की काच कोरी दिसते. एका कोऱ्या काचेवर समाधान न मानता पुढच्या तापाला पुन्हा पाहावं. धानपट्ट्यातल्या ग्रामीण रुग्णालयात हिवतापाच्या चाचण्या वारंवार नकारार्थी येऊनही ज्याचा ताप थांबत नाही आणि जो गुरांत राबतो, अशा माणसाची काच वाचताना पेशींच्या आतच नव्हे तर पेशींच्या मधल्या जागेतही नजर फिरवली पाहिजे.